बावीस खोल्यांची बुढी

मु. सावळखेड, पो. इंझोरी, जि. वाशीम
१८ नोव्हेंबर २०२४

बापू प्रसेनजित,

जय भीम. हे पत्र पोस्टातल्या पल्लवीच्या हातानं लिवून राह्यली. तीच पल्लवी, चौथीत तुह्या बाजूले बसे अन् तिच्या पाटीवरून तू गणितं उतरवत होता. ती आता गावचं पोस्ट सांभाळते अन् तू देशाचं गणित सांभाळतं. कसं होऊन राह्यलं असन, बुद्धच जाणे.

फोन काहून नाई केला म्हणशीन. फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणतं, मांगून कोणीतरी "सर" म्हणते, अन् कटते. पत्र कटत नाई. शेवटलोक वाचा लागते.

परवा तुळसाबाईनं इंझोरीहून नेमीचंद शेठच्या दुकानातून मिरच्या आणल्या. पुडी सोडली त कागदावर तुहा फोटू. टाय अन् चष्मा लावलेला, गालावर हात ठेवलेला, जसं काई दाढ दुखून राह्यली. कपाळाले मिरचीचं तिखट लागलं होतं, ते मीनं पदरानं पुसलं. मंग कागद घेऊन पोस्टात गेली. पल्लवीनं वाचून दाखवलं. अर्थशास्त्राचे प्राध्यापक डॉक्टर अमुक यांचा अहवाल. फुकटच्या घरांमुळे मजूर गाव सोडत नाईत, म्हणून शहरात मजूर कमी पडते. वाशीम जिल्ह्यातल्या गावात घरं जास्त झाली, राहणारे कमी. घरकुलाची यादी थांबवा.

मीनं तिले म्हटलं, परत वाच, माहा कान बरोबर नाई. तिनं परत वाचलं. कान बरोबर होता.

मजूर गाव सोडत नाईत? बापू, आज माह्या गल्लीत सांगाले पाच माणसं अन् तीन कुत्रे हायेत. कुत्रे जास्त तरणे हायेत. बाकीचे दिवाळीचे दिवे इझले न इझले त पुण्याले, सुरतले, इटभट्टीले, जिथं काम भेटन तिथं गेले. किशन, त्याची बायको, तीन लेकरं गेल्या मंगळवारच्या एसटीनं गेले. पंजाबराव शिवणयंत्र तेल घालून झाकून गेला. आता हे गाव सोडनं नसन त तुह्या कॉलेजात गाव सोडणं कायले म्हणतात, ते एकडाव लिवून कळव.

अन् दुसरं इचारनं असं, की हे तू कोणत्या गावात पाह्यलं? आपलं सावळखेड त नाई ना त्यात? मले वाटत नाई. तू आला असता त भाकर खाऊन गेला असता.

तुही आजी,
लिलाबाई

(प्रसेनजित, आजींनी सांगितलं तसंच लिहिलंय. "दाढ दुखून राह्यली" खोडू का विचारलं, तर म्हणाल्या, तिथं दुसऱ्यांदा लिही. — पल्लवी)


पुणे
२ डिसेंबर २०२४

ती. आजीस,

सविनय जय भीम. तुझे पत्र मिळाले. आनंद झाला, हसूही आले.

वर्तमानपत्रवाले मथळा असाच देतात. माझा अहवाल दोनशे चाळीस पानांचा आहे. त्यात शेवटी सूचना आहेत, त्यातली एकच त्यांनी उचलली. मी गेली सहा वर्षे एका प्रश्नावर काम करतो आहे. कामगार जिथे मजुरी जास्त आहे तिथे का जात नाहीत? शहरात घरभाडे महाग म्हणून, की गावातले घर त्यांना धरून ठेवते म्हणून? याचा संबंध व्याजदराशी, बांधकामावरच्या सरकारी खर्चाशी, एकूण देशाच्या उत्पन्नाशी लागतो. अडतीस गावे आम्ही पाहिली. प्रत्येक घरी दोनदा जाऊन आलो. जी घरे दोन्ही भेटींत कुलूपबंद होती ती रिकामी धरली. जिथे माणसे भेटली तिथे त्यांच्या कामाचे तास विचारले. ते फारच कमी निघाले. यातून जे दिसते ते मी लिहिले. आवडते म्हणून नव्हे.

तुला सोपे करून सांगतो. समज, कोंबडीला खुराड्यातच दाणे टाकले, तर ती बाहेर कशाला जाईल?

गावांची नावे आम्ही सांगत नाही, तो संशोधनाचा नियम आहे. अहवालात त्यांना क्रमांक आहेत. शिवाय धोरण एका गावासाठी नसते, आजी. एका गल्लीतून देश दिसत नाही.

थंडीत गुडघ्यांना जप. पल्लवीला नमस्कार. पाटीची गोष्ट चौथीतली आहे, हे तिला सांग.

तुझा,
प्रसेनजित


सावळखेड
१७ डिसेंबर २०२४

बापू,

दोनशे चाळीस पानं! तुह्या आज्याले सही कराले अर्धा दिवस लागे, अन् त्याच्या नातवाले कोंबडी कळत नाई.

तू कोंबडी पाळली नाई, म्हणून सांगून राह्यली. कोंबडी सकाळी खुराड्यातून निंघते, दिवसभर उकिरडे उकरते, अन् दिवस बुडता बुडता परत खुराड्यात येते. तिले परत याले खुराडं हाये म्हणूनच ती दूरलोक जाते. तू भर दुपारी आला, खुराड्यात डोकावलं, म्हटलं रिकामं हाये, द्या दुसऱ्याले. दुसऱ्यांदा आला तवाबी दुपारच होती. अन् खुराड्यात एक खुडूक कोंबडी बसून होती, तिले इचारलं, तू काम किती करतं? तिनं मान हलवली. झाला तुहा अहवाल.

पल्लवीनं तुह्या कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून तुहा अहवाल काढला. गाव क्रमांक सात. नदीच्या आलीकडे, शाळेजवळ पिंपळ, एकूण घरं एकसष्ट, बंद बावीस. पाहणी जानेवारीत अन् फेब्रुवारीत. पिंपळ कोणाच्या बी शाळेजवळ असते, पण बावीस बंद घरं कोणती, हे माह्यापेक्षा जास्त कोणाले ठाऊक हाये? त्या बावीस किल्ल्या माह्या खिळ्यावर हायेत.

तुले हे ठाऊक नसन, कारण तू मोठा झाला अन् घाईघाईनं गेला. आपल्या गल्लीची रीत हाये. जो कामाले बाहेर जाते तो जातानी किल्ली मले देते, हातात देते, उंबरठ्यावर ठेवत नाई. मले अक्षर येत नाई, म्हणून किल्लीले त्या घरच्या कपड्याची चिंधी बांधून देते. किशनची निळ्या सदऱ्याची. पंजाबरावची लाल अस्तराची. दर पुनवेले सकाळी मी अन् तुळसाबाई एकेक घर उघडतो. झाडतो, गोधड्या झटकतो, कणगीत उंदीर शिरला का पाह्यतो, बुद्धाच्या अन् बाबासायबाच्या फोटूपुढं मेणबत्ती लावतो, अन् कुलूप लावतो. कोणाच्या घरात बसाचं नाई, पाणी प्याचं नाई. मंग पल्लवी त्यायले फोन लावून सांगते, घर बरं हाये. परवाच्या पुनवेले झालं, बावीस घरं. तीन घंटे लागले, कंबर अजून बोलून राह्यली.

चौदा एप्रिलले जयंतीसाठी सगळे परत येतात, अन् दिवाळीलोक गावातच राह्यतात. तवा ये अन् मोज. पण तू जानेवारीत मोजलं. तू आंब्याचं झाड पोषात पाह्यलं अन् लिवलं की याले आंबे लागत नाईत.

अन् बापू, तू नाई मोजलं. तुह्या पोरी-पोट्ट्यांनी मोजलं. त्यातली एक पोरगी, अपूर्वा का काय नाव तिचं, माह्या दारात आली होती. उन्हात लाल झाली होती, म्हणून मीनं तिले ताक देल्लं. इचारलं, तुमचा साहेब कुठं हाये? म्हणे सर कारंज्याले लॉजवर बसले हायेत, रोज संध्याकाळी आमचे फॉर्म पाह्यतात. म्हटलं नाव काय तुह्या सरचं? तिनं सांगतलं.

कारंजा इथून एसटीनं पाऊण तास हाये. तू तिथं चार दिवस होता. मीनं तिले काई सांगतलं नाई. ताकात थोडं मीठ घालून देल्लं, बस.

लिलाबाई

(हे आजींनी जवळजवळ एक वर्ष कोणालाच सांगितलं नव्हतं. मलाही आजच कळलं. — पल्लवी)


पुणे
११ जानेवारी २०२५

ती. आजीस, जय भीम.

उत्तराला उशीर झाला. कारंजाबद्दल तू लिहिलेस ते खरे आहे. मी येऊ शकलो असतो. चार दिवस मी आलो नाही याचे कारण असे, की ज्या गावात पाहणी चालू आहे तिथे संशोधकाचे नातेवाईक असतील, तर निष्कर्षांवर शंका घेतली जाते. तिथे मी दिसायला नको होतो. हे तुला पटणार नाही, पण आमच्या क्षेत्रात याला महत्त्व आहे.

पाहणीच्या महिन्यांबद्दलची तुझी हरकत मी वाचली. ती विचार करण्यासारखी आहे, हे मान्य. पण अडतीस गावांचा मोठा आकडा असला की अशा स्थानिक गोष्टी एकमेकींना खोडून काढतात. शिवाय आम्ही डोळे मिटून आकडे घेतलेले नाहीत. विचित्र वाटणाऱ्या नोंदी मी स्वतः काढून टाकल्या. उदाहरण देतो. तुमच्याच गावातल्या एका फॉर्मवर लिहिले होते, घरातल्या खोल्या बावीस, आठवड्यातले कामाचे तास शून्य. बावीस खोल्या आणि काम शून्य! असा जमीनदार सावळखेडात कुठला? विद्यार्थ्याने चुकीचे लिहिले असेल, नाहीतर कोणीतरी थट्टा केली असेल. ती नोंद मी माझ्या हाताने खोडली. इतकी काळजी आम्ही घेतो.

सध्या एका समितीने माझ्या सूचना प्रायोगिक पातळीवर काही गावांत राबवायचे ठरवले आहे. मी त्या समितीचा सदस्य आहे. त्यात सावळखेड असेल की नाही, ते माझ्या हातात नाही.

तुझा,
प्रसेनजित


सावळखेड
१४ फेब्रुवारी २०२५

डॉक्टर साहेब,

आज बापू म्हणत नाई.

सावळखेड हाये त्यात. पंधरा दिवस झाले, शाळेच्या भिंतीवर कागद चिकटवला. बावीस घरं रिकामी ठरवली हायेत. २० मार्चले सुनावणी. ज्याचं घर त्यानं स्वतः हजर राहा. नाई राह्यला, त घर रिकामं पक्कं, अन् यादीत ज्याचा नंबर हाये त्याले देऊन टाकाचं. नवं घरकुल कोणाले नाई, कारण गावात घरं उरून हायेत.

किशन सुरतेच्या पुढं कुठंतरी बारा माळ्याची बिल्डिंग बांधून राह्यला. ठेकेदार मधात सोडत नाई, सोडून आला त पुढचं काम नाई. पंजाबरावले म्हटलं आठ दिवसाची रजा माग, त त्यानं फोनवर रडूनच देल्लं. ज्याले तू म्हणतं कामाले जात नाई, त्याले कामावरून येता येत नाई म्हणून त्याचं घर जाऊन राह्यलं. हे तुह्या कोणत्या पानावर हाये?

कागद चिकटवणाऱ्या माणसानं तुळसाबाईले सांगतलं, तुमचा नंबर पहिला, तुमाले किशनचं घर भेटन. तुळसाबाई टिनाच्या एका खोलीत चार नातवंडं घेऊन राह्यते. पाऊस आला की गळतीखाली भांडे मांडते, मंग लेकरं निजवाले जागा राह्यत नाई. घरासाठी नऊ वर्षं झाले थांबून हाये. तिनं त्या माणसाले म्हटलं, "साहेब, किशनच्या बायकोच्या चुलीवर मी तवा कसा ठेवू? दर पुनवेले मीच झाडते ते घर." माणूस म्हणे, विचार करा, नामी संधी हाये. तिनं त्याले शिव्या देल्ल्या, त्या पल्लवी लिवत नाई.

आता तुह्या खोडलेल्या फॉर्मचं सांगतेच. तो जमीनदार मी होती.

त्या पोरीनं इचारलं, "आजी, खोल्या किती?" माह्या मांगं खिळ्यावर किल्ल्या लटकून होत्या. मीनं मांगं पाह्यलं अन् म्हटलं, बावीस. थट्टा केली म्हण, पण खोटं नाई बोलली. मंग म्हणे, "गेल्या सात दिवसांत काम किती तास केलं?" मीनं म्हटलं, मी बुढी, मी काय काम करते, शून्य लिव. आमच्या बायायले असंच सांगाची सवय हाये. झाडणं, चूल, लेकरं, याले आमी काम म्हणत नाई, अन् तुमी त म्हणतच नाई. पोरगी कच्ची होती, तिनं इचारलं नाई की बाई, बावीस कशा? तू त पक्का होता. कारंज्याच्या लॉजवर बसून तुह्या हातात तो फॉर्म आला. एकसष्ट घरायत एकच फॉर्म खरा होता, अन् तोच तू खोडला. एसटीनं पाऊण तास येऊन इचारलं असतं, त मीनं खिळा दाखवला असता.

अन् फुकटच्या घराचं बोलतं. तू ज्या घरात वाढला ते कोणाचं? माह्या नावचं घरकुल, मी जुन्या खोलीतच राह्यली अन् ते तुमाले देल्लं. तुहा बाप पुंजाजी जिता होता तवा त्यानं त्यासाठी डोक्यावर इटा वाह्यल्या. त्याच घरातून तू अकोल्याले गेला, मंग पुण्याले. तुले त त्या घरानं धरून नाई ठेवलं.

मले तुह्याकडून एकच पायजे. २० मार्चले ये. शाळेच्या ओट्यावर उभा राह्य अन् म्हण, मी चुकीच्या महिन्यात मोजलं. सात शब्द बी नाईत. दोनशे चाळीस पानं लिवणाऱ्याले जड जाऊ नये.

लिलाबाई


पुणे
८ मार्च २०२५

ती. आजी,

तुझे पत्र चार वेळा वाचले. २० तारखेला दिल्लीत गृहनिर्माण आणि रोजगार याच विषयावर परिषद आहे, मी मुख्य वक्ता आहे. सहा महिन्यांपूर्वी ठरले आहे. ऐन वेळी नाही म्हटले तर प्रश्न विचारले जातील, आणि समितीतली माझी जागाही जाईल. जागा राहिली तर आतून काही करता येईल.

सुनावणी घेणारे अधिकारी रविकांत यांच्या नावे पत्र सोबत जोडले आहे. त्यात माझे म्हणणे आहे. ते पुरेसे व्हावे. पल्लवीला सांग, बंद पाकिटातच द्यावे.

तुझा,
प्रसेनजित


सावळखेड
२२ मार्च २०२५

डॉक्टर साहेब,

तुहं भाषण झालं का दिल्लीले? टाळ्या पडल्या असतीन. इथं काय झालं ते आयक.

शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं. रविकांत साहेब तरणा हाये, चष्मेवाला, बोलाले बरा. त्यानं यादी काढली अन् नावं वाचाले लागला. पहिलं नाव किशनचं. मीनं म्हटलं, "हजर." त्यानं वर पाह्यलं. दुसरं नाव. मी म्हटलं, "हजर." तिसऱ्यालेबी. म्हणे, "आजी, तुम्ही किशन का पंजाबराव?" मीनं म्हटलं, तुमी वाचा, मी सगळे हाये. लोकं हसले. किती लोकं? आमी अकरा बुढ्या अन् चार बुढे. जवान हसाले कोणी नोतं गावात.

मंग पल्लवीनं तुहं पाकीट देल्लं. साहेबानं वाचलं. परत वाचलं. म्हणे, "यात प्राध्यापक हो म्हणतात का नाही म्हणतात?" पल्लवीनं पाह्यलं त दोन पानायत "तथापि" नऊवेळा होतं. मीनं साहेबाले सांगतलं, मनावर घेऊ नका, त्याचं लहानपणापासून असंच हाये. भाकर पायजे का इचारलं त तो तव्याकडे पाहे.

तुहं पत्र त्यानं फायलीत ठेवलं. कोणाच्या उपयोगी पडलं नाई. पाकीट मात्र चांगलं जाड होतं.

मंग मीनं कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. म्हटलं, साहेब, तुमी पुण्याहून आलेला कागद पाह्यला, आता घर पाहा. कोणतं बी म्हणा, मी उघडते. त्यानं बोट ठेवलं, किशन. निळी चिंधी धरून मीनं किल्ली काढली. आत गेलो. गोधड्या उतरंडीसारख्या रचलेल्या. कणगीत ज्वारी, वरून लिंबाचा पाला. फोटूपुढं सहा दिवसाआधीच्या पुनवेच्या मेणबत्तीचं मेण. अन् चौकटीवर किशनच्या लेकरायच्या उंचीच्या रेघा, दर जयंतीले एक. साहेब त्या रेघायपुढं बसून गेला. बोटानं मोजल्या. सात होत्या. म्हणे, "दर वर्षी येतात तर." मीनं म्हटलं, नाई त रेघ काय भिंतीनं स्वतः वढली?

पंजाबरावच्या घरी त्यानं शिवणयंत्राचं चाक फिरवून पाह्यलं. गरगर फिरलं. मी तेल घालते.

मंग म्हणे, "अजून एक पाहू, चौदा नंबर." पल्लवीनं माह्याकडे पाह्यलं. मीनं खाकी चिंधीची किल्ली काढली.

ते घर मी बाकीच्यायसारखंच झाडते. जाळं नाई, धूळ नाई. पण झाडाले त्यात काई हायेच नाई. गोधडी नाई, भांडं नाई. भिंतीवर फोटूचा खिळा हाये, फोटू तू पुण्याले नेला. पुनवेची मेणबत्ती मी रिकाम्या खिडकीत लावते, कोणापुढं लावून राह्यली ते मलेच ठाऊक नसते. चौकटीवर तुह्या रेघा हायेत. वरची रेघ तू दहावी झाला तवाची. त्याच्यावर काई नाई.

साहेब म्हणे, "आणि हे कोणाचं?"

मीनं म्हटलं, ज्यानं अहवाल लिवला त्याचं.

कोणी हसलं नाई बापू. तुळसाबाई तेवढी हसली, अन् तिले ठसका लागला.

मीनं म्हटलं, साहेब, लिवा. सावळखेडात रिकामं घर एक हाये. कागद माह्या नावचा हाये, अंगठा माहा, त्यामुळं त्यालेबी इचारायचं काम नाई. ज्याचा पहिला नंबर हाये तिले हे द्या. बाकी एकवीस खोडा.

त्यानं तिथंच उभ्यानं लिवलं. मीनं अंगठा देल्ला. एकवीस घरं यादीतून उतरली, अन् वर पाठवाच्या कागदावर त्यानं लिवलं म्हणे, की मोजणी परत करा, मे महिन्यात.

तुह्या बावीसात एक बरोबर निंघालं. पल्लवी म्हणते शेकड्याले साडेचार पडतात. आपल्या शाळेत एवढ्यात कोणाले पास करत नोते. पाटी बाजूले असली तरी.

लिलाबाई


पुणे
३ एप्रिल २०२५

आजी,

जय भीम. दिल्लीहून आल्यावर कपाटातून सावळखेडचे मूळ फॉर्म काढले. फॉर्म क्रमांक २१७. "खोल्या २२. काम ० तास." खाली अपूर्वाने पेन्सिलीने लिहिले होते, "आजींनी ताक दिले. मागे खूप किल्ल्या टांगलेल्या आहेत, सरांना विचारणे." वरून माझी लाल रेघ आहे. पेन्सिलीची ओळ मी तेव्हा वाचलीच नव्हती. की वाचली होती, ते आता खात्रीने सांगता येत नाही.

मी चुकीच्या महिन्यात मोजले. हे समितीला कळवले आहे, अडतीसही गावांबद्दल, एकही तथापि न घालता. सूचना मागे घेतली. समितीतूनही बाहेर पडलो आहे. पडलो म्हणण्यापेक्षा त्यांनी थांबवले नाही.

जयंतीला येतो. घराची किल्ली काढून ठेव.

प्रसेनजित


सावळखेड
८ एप्रिल २०२५

बापू,

पत्र भेटलं. पल्लवीनं वाचलं, एकडावच वाचलं. तुहं पत्र एका दमात कळाची ही पहिलीच वेळ. ती म्हणे, सुधारला. मीनं म्हटलं, एवढ्यात नोको म्हणू, एका पानाचाच हाये.

किल्ली कोठची काढून ठेवू? तुळसाबाई राहाले गेली. चार लेकरं त्या घरात असे पळून राह्यले, की भिंतीले बी समजत नसन काय झालं. तुह्या रेघायच्या बाजूले त्यायनं आपल्या रेघा वढल्या. धाकटी म्हणे, हा कोण, एवढासाच राह्यला? मीनं सांगतलं, तो मंग वाढला पण इथं नाई वाढला.

ये जयंतीले. झोपाले माह्या ओट्यावर बाज टाकून देईन. अंगणात लेकरं अन् कुत्रे असतीन, तुहं पद ते इचारत नाईत. त्या दिवशी एकवीस कुलपं उघडतात, अन् गल्लीत पाय ठेवाले जागा राह्यत नाई. किशन येऊन राह्यला, पंजाबराव येऊन राह्यला. वही-बिही आणजो अन् ओट्यावर बसून मोजजो, एकेक दार. कोणाले काम इचारलं त तो शून्य सांगन, तवा खाली मान घालून लिवू नोको. त्याच्या हाताकडे पाह्यजो, मंग इचारजो.

अन् तो फॉर्म दुरुस्त करजो. बावीस खोडून एकवीस लिव. कामाच्या रकान्यात काय लिवाचं ते तू ठरव, तू डॉक्टर हायेस. मले दर पुनवेले तीन घंटे लागतात, अन् कंबर दोन दिवस.

तुह्या किल्लीची खाकी चिंधी तुळसाबाईनं सोडली अन् आपल्या लुगड्याची बांधली. तिचं बरोबरच हाये, घर तिचं. तुही चिंधी माह्या खिळ्यावर हाये. चौथीच्या चड्डीची हाये, धुऊन धुऊन लय मऊ झाली. आला की घेऊन जाजो. दुसऱ्या कोणत्या कामाची नाई, पण चष्मा पुसाले बरी पडन.

तुही आजी,
लिलाबाई